दुसरी प्रत कशावर? सीडी-आरपासून एसएसडीपर्यंत

पहिला बॅकअप बहुतेकांचा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर असतो आणि ते ठीकच आहे. वाद होतो तो दुसऱ्या बॅकअपवरून. ही प्रत कपाटात, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा भावाच्या घरी पडून राहते आणि वर्षातून एखाद्या वेळी हातात येते. ती कशावर ठेवावी, याचा सल्ला दर काही वर्षांनी बदलत आला आहे.

फ्लॉपी आणि झिप डिस्कचा काळ फार ताणण्यात अर्थ नाही. १०० एमबीची झिप डिस्क तेव्हा मोठी चैन वाटे. मग ड्राइव्ह टकटक आवाज करू लागला की डिस्कही जाई. त्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावाही ठोकला.

खरी गर्दी झाली ती सीडी-आरच्या, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीच्या वेळी. २००० नंतर ड्राइव्ह स्वस्त झाले आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीत पन्नास-पन्नास सीडींच्या चळती सुट्या विकल्या जाऊ लागल्या. लग्नाचे फोटो, डीटीपीची कामे, हिशेबाचा डेटा सगळे त्यावर गेले. 'शंभर वर्षे टिकते' हा दावा होता, पण तो डायवर, म्हणजे ज्यात डेटा लिहिला जातो त्या रंगद्रव्याच्या थरावर अवलंबून होता. सायनाइन डाय उजेडाला लवकर बळी पडे, थॅलोसायनाइन बरा टिके, गडद निळ्या अॅझोचेही चाहते होते. चळतीतल्या सीडीवर कोणता डाय आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसे. त्यातून आपण जपायचो खालची चकचकीत बाजू. प्रत्यक्षात डेटाचा थर वरच्या छापील बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. बॉलपेनने दाबून तारीख लिहिली की तिथेच घात. खालचा ओरखडा निदान पॉलिश करून निघतो, वरचा नाही. ५२एक्स अशा भरधाव वेगाने बर्न करून 'व्हेरिफाय'ची, म्हणजे नीट लिहिले गेले का ते तपासण्याची खूण काढून टाकायची सवयही तेव्हाचीच.



डीव्हीडीने क्षमता ४.७ जीबीवर नेली, डायचे दुखणे तेच ठेवले. तोवर हार्ड डिस्क इतकी स्वस्त झाली की डिस्क बदलत बसण्याचा कंटाळा येऊ लागला. २०११ च्या थायलंडच्या पुरानंतर हार्ड डिस्कचे भाव कडाडले, काही मॉडेलांची वॉरंटीही कमी झाली. २०२० मध्ये नॅससाठी (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीसाठी) विकल्या जाणाऱ्या काही ड्राइव्हमध्ये एसएमआर तंत्र न सांगता घातल्याचे उघड झाले. यात डेटाच्या मार्गिका एकमेकींवर चढवतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा लिहिणे मंदावते. पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएमआर वाईट नाही, एकदा लिहून ठेवायची तर चालते. संताप होता तो लपवल्याचा, आणि तो रास्तच होता.

आता एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपमध्ये डेटा ठेवणारी ड्राइव्ह. इथे थोडे थांबायला हवे, कारण आजचा बहुतेक गोंधळ एकाच तक्त्यातून आला आहे. एसएसडीची मानके ठरवणाऱ्या समितीने २०१० मध्ये अट घातली: घरगुती ड्राइव्हने वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा धरावा, सर्व्हरच्या ड्राइव्हने ४० अंशांना तीन महिने. महाग ड्राइव्हला कमी मुदत, हे उलटे वाटते. पण यात सौदा आहे. फ्लॅशच्या पेशीत डेटा म्हणून विद्युतभार अडकवलेला असतो. प्रत्येक लेखनाने त्याभोवतीचा थर झिजतो आणि भार हळूहळू झिरपतो. मुदत कमी मागितली तर त्याच चिपवर जास्त लेखन करता येते, असे म्हणायला कंपनी मोकळी. सर्व्हर कधी बंदच नसतो, म्हणून तिथे हे खपले. टीबीडब्ल्यूचा, म्हणजे ड्राइव्हवर एकूण किती टेराबाइट लिहिता येतील त्याचा आकडा अशा सौद्यातून निघालेला असतो.

२०१५ मध्ये या तक्त्याची एक स्लाइड फिरली आणि 'एसएसडी आठवड्याभरात डेटा विसरते' अशा बातम्या झाल्या. लवकरच खुलासा आला की हे आकडे ठरलेले सगळे लेखन संपवून झिजलेल्या ड्राइव्हचे आहेत, नव्याचे नव्हेत. खुलासा खरा होता. पण त्यातून बाजाराने 'मग काळजी नको' एवढेच उचलले, आणि माझ्या मते चूक तिथे झाली. तापमान पाच अंश वाढले की मुदत साधारण निम्मी होते, हा त्याच तक्त्याचा भाग मागे पडला. समितीने धरलेले ३० अंश चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतल्या कपाटाला कसे लागू व्हावेत? शिवाय ही अट पाळणारी ड्राइव्ह तरी मानकाला बांधलेली असते. बिननावाच्या पेनड्राइव्हला आणि मेमरी कार्डाला कुणी विचारतच नाही. एका पेशीत चार बिट कोंबणारी क्यूएलसी २०१८ पासून बाजारात आहे, तिथे चुकीला जागा आणखी कमी. वर्षातून एकदा नुसती जोडून काढली म्हणजे एसएसडी ताजी होते, असेही नाही. पूर्ण डेटा वाचून काढला तर ड्राइव्हमधल्या नियंत्रक चिपला, कंट्रोलरला, कमकुवत ब्लॉक सापडण्याची संधी मिळते. तो पुढे काय करतो, हे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरवर, फर्मवेअरवर.

दुसऱ्या प्रतीचे महत्त्व पटवले ते मात्र टिकाऊपणाने नव्हे, खंडणीखोर सॉफ्टवेअरने. मे २०१७ च्या वॉनाक्रायने संगणकाला जोडलेल्या बॅकअप डिस्कही कुलूपबंद केल्या. केबल काढून ठेवलेली डिस्क वाचली. त्याआधी २०११ मध्ये एका बड्या ईमेल सेवेतल्या काही वापरकर्त्यांचे मेल सॉफ्टवेअरच्या बगमुळे सगळ्या ऑनलाइन प्रतींतून उडाले होते, ते परत आणले चुंबकीय टेपवरून.

ज्यांना लिहून विसरायचे होते, त्यांच्यासाठी डायऐवजी अजैविक थराची एम-डिस्क आणि ब्ल्यू-रे हा पर्याय होता. एम-डिस्कच्या हजार वर्षांच्या दाव्यावर किती विसंबायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. ब्ल्यू-रेतही एलटीएच जातीत पुन्हा सेंद्रिय डाय घुसवला गेला, तो टाळावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका मोठ्या जपानी कंपनीने कोऱ्या ब्ल्यू-रेचे उत्पादनच थांबवले. इतर उत्पादक आहेत, पण ड्राइव्ह मिळणेही अवघड होत चालले आहे.

उरली एलटीओ टेप, म्हणजे बॅकअपसाठीची चुंबकीय फितीची कॅसेट. पहिली पिढी २००० मध्ये १०० जीबीची होती, २०२५ च्या दहाव्या पिढीत ३० टीबी मावतात. टेप ३० वर्षे टिकते असे सांगतात. पूर्वी ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचे. आठव्या पिढीपासून ती सवलत एका पिढीवर आली, आणि दहाव्या पिढीचा ड्राइव्ह नवव्या पिढीची टेपही वाचत नाही.