पाळीव कासवाचं कॅल्शियम: चिमूट पुरते, पण ऊन लागतं

कासवाचं कवच हे हाडच. फासळ्या आणि मणके पसरून, एकमेकांत जुळून पाठीची ढाल होते आणि तिच्यावर नखासारख्या केराटिनचे खवले बसलेले असतात. एवढं हाड उभं करायचं आणि तेही पाल्यापाचोळ्यावर, म्हणून कॅल्शियमची भुकटी कासव पाळणाऱ्यांच्या कपाटात हटकून सापडते. भुकटी वाईट नाही. फक्त ती शिंपडली की काम झालं असं वाटायला लागतं आणि तिथेच घोटाळा होतो.

स्पेनपासून बाल्कनपर्यंत भूमध्य सागराच्या काठाने आढळणारं हर्मन कासव हे युरोपात घरोघरी पाळलं जाणारं कासव. लंडन किंवा म्युनिककडे राहणाऱ्या वाचकांपैकी कोणाकडे कासव असलंच, तर ते याच जातीचं किंवा हिच्या जवळच्या जातीचं असण्याची शक्यता जास्त. त्याच्या मूळ मुलखात चुनखडीची जमीन, वर्षातले बरेच महिने कडक ऊन आणि शंभर तऱ्हेचं तण असतं. घरात त्याच्या वाट्याला काच, ट्यूबलाइट आणि सुपरमार्केटमधलं सॅलड येतं. या दोहोंतला फरक भरून काढण्यासाठीच पूरक आहार द्यायचा.

आहारात निव्वळ कॅल्शियम किती, एवढंच पाहून चालत नाही. फॉस्फरसच्या तुलनेत ते किती, हे महत्त्वाचं. फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम हवं, चौपट असेल तर उत्तम. काकडीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 16 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 24 मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे हिशेब उलटाच. केळ्यात तर 5 ला 22. रोमेन लेट्यूस जेमतेम बरोबरीवर येतं. याउलट डँडेलियन या रानटी तणाच्या पानात 187 ला 66 आणि फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानात 164 ला 16. जास्वंदीची आणि तुतीची पानंही चांगली. पालक मात्र फसवा. कागदावर त्याचं प्रमाण दुप्पट दिसतं, पण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला आतड्यातच पकडून ठेवतं आणि ते बरंचसं तसंच विष्ठेवाटे निघून जातं. चाकवत, माठ, अळू, घोळ या भाज्यांचंही तेच. महिन्यातून एखाद्या वेळी चार पानं पडली तर बिघडत नाही, रोजचं जेवण म्हणून नकोत.

आता भुकटी किती? लेट्यूसवर हिशेब करून पाहू. 100 ग्रॅम रोमेनमध्ये 33 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 30 मिलिग्रॅम फॉस्फरस. दुप्पट गाठायला 27 मिलिग्रॅम कॅल्शियम कमी पडतं, चौपट गाठायला 87. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये 40 टक्के कॅल्शियम असतं, म्हणजे भुकटी लागेल 70 ते 220 मिलिग्रॅम. हे 100 ग्रॅम पाल्याला. लहान पिल्लू एका वेळी 20 ग्रॅम खात असेल तर फार तर 40 मिलिग्रॅम. डोळ्याला याचा अंदाज येत नाही, म्हणून एकदा वजनकाट्यावर 1 ग्रॅम भुकटी मोजून कागदावर तिचे पाच सारखे ढीग करावेत. एक ढीग म्हणजे 200 मिलिग्रॅम, आणि पिल्लाला त्याचाही पाचवा भाग. पानं पांढरी होईपर्यंत भुकटी ओतणाऱ्यांना हा ढीग बघून धक्का बसतो. जास्त झालं तर कासव पानाला तोंड लावत नाही, बद्धकोष्ठ होतो आणि आहारातलं लोह व जस्त अंगी लागायला अडचण येते.

पानं धुऊन थोडी ओलसर ठेवली की भुकटी चिकटते. कोरड्या पानावरची ताटातच उरते. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून चार-पाच दिवस, पूर्ण वाढलेल्याला दोन-तीन दिवस आणि अंडी धरलेल्या मादीला रोज, हे नेमानं पाळलं तरी पुरे. मादीला प्रत्येक अंड्याच्या कवचासाठी स्वतःच्या शरीरातून कॅल्शियम काढून द्यावं लागतं, म्हणून तिचं माप वेगळं.

भुकटी साध्या कॅल्शियम कार्बोनेटची, फॉस्फरस नसलेली घ्यावी. हाडांची भुकटी किंवा डायकॅल्शियम फॉस्फेट नको, कारण जे टाळायचं तेच त्यात भरलेलं असतं. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून येणारं माकुळाचं पांढरं, हलकं हाड, म्हणजे समुद्रफेन, हेही बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच. ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून खार काढावा, उन्हात खडखडीत वाळवावं, कडक पाठीचा भाग सोलून काढावा आणि कासवापुढे टाकावं. त्याला हवं तेव्हा ते कुरतडतं, चोचही झिजते. काही कासवं त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, त्यांच्यासाठी भुकटीच. कोंबडीच्या अंड्याचं टरफल दहा मिनिटं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखं दळून गाळलं तरी तेच काम होतं. पानाच्या डब्यातला चुना मात्र कधीही नाही. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तोंड आणि अन्ननलिका भाजून काढतो.

एवढं करूनही कासवं मऊ पडतात, कारण आतड्यातलं कॅल्शियम रक्तात घ्यायला ड-3 जीवनसत्त्व लागतं. उन्हातले अतिनील-बी (यूव्हीबी) किरण कातडीवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यापासून आधी ड-3 चं पूर्वरूप बनतं. त्याचं ड-3 होतं ते शरीराच्या उष्णतेनं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक रासायनिक फेरफार करतात, तेव्हा ते कामाला लागतं. त्यामुळे किरण मिळाले आणि ऊब मिळाली नाही, तर साखळी मध्येच अडते. शेकायच्या जागी 32 ते 35 अंश सेल्सियस हवं आणि अतिनील दिव्याचा झोत त्याच जागी पडायला हवा. ऊब एका कोपऱ्यात आणि दिवा दुसऱ्या कोपऱ्यात, ही मांडणी घरोघरी दिसते आणि ती निरुपयोगी असते.

खिडकीच्या काचेतून अतिनील-बी जवळजवळ येतच नाही. दिव्याचंही तसंच. मध्ये काच आली तर काहीच पोचत नाही, बारीक जाळी आली तर बराच भाग अडतो. शिवाय वर्षभरात दिव्याचे अतिनील किरण क्षीण होतात, उजेड मात्र पूर्वीइतकाच दिसतो. नळीवर बसवल्याची तारीख लिहून ठेवावी आणि 12 महिन्यांनी ती बदलावी. उन्हाळ्यात बाहेर ठेवणं शक्य असेल तर त्याला तोड नाही. इटलीत हर्मन कासवांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 35 दिवसांनंतर उन्हात ठेवलेल्या कासवांच्या रक्तातलं ड जीवनसत्त्व दिव्यांखाली ठेवलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं.

उन्हाचा अतिरेक होऊन ड-3 चं विष चढत नाही. कातडी जास्तीचं पूर्वरूप दुसऱ्या निरुपद्रवी संयुगांत वळवते. तोंडावाटे दिलेल्या ड-3 ला असा बांध नाही. ते मेदात साठतं, कॅल्शियम रक्तात वाढतं आणि महाधमनी, मूत्रपिंड, फुप्फुसं यांत जमून बसतं. म्हणून चांगला दिवा किंवा ऊन मिळत असेल तर भुकटी ड-3 विरहित घ्यावी. माणसांसाठीच्या कॅल्शियमच्या गोळ्यांत बहुधा ड-3 घातलेलंच असतं, त्या रोज कुटून घालू नयेत.

बहुजीवनसत्त्वाच्या भुकटीबाबत हात आखडता घ्यावा, हे आमचं ठाम मत आहे. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, कॅल्शियमपेक्षाही कमी. अ जीवनसत्त्व बीटा-कॅरोटीनच्या रूपात असलेली भुकटी निवडावी. हिरवा पाला खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवात अ जीवनसत्त्वाची कमतरता क्वचितच आढळते. ती दिसते कोळंबी-मांसावर वाढवलेल्या पाण्यातल्या कासवांत. डोळे सुजले की अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, ही सवय तिकडून आली आणि जमिनीवरच्या कासवांना भोवली. जास्त मात्रेनंतर काही दिवसांतच मानेची आणि पायांची कातडी आधी कोरडी पडते, मग सालपटासारखी निघून खाली उघडं मांस दिसतं. डबा उघडल्यावर सहा महिन्यांत टाकून द्यावा. अ, ड आणि ई ही जीवनसत्त्वं हवेनं, उजेडानं मरतात.

पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे आले की पूर्वी कॅल्शियमची कमतरता किंवा प्रथिनांचा अतिरेक यांना दोष दिला जाई. 2003 मध्ये आफ्रिकेतल्या सुल्काटा कासवांवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खरा मोठा फरक पडला तो हवेतल्या दमटपणानं, प्रथिनांचा परिणाम किरकोळ होता. तेव्हा उंचवटे दिसले म्हणून भुकटी वाढवू नये, पिल्लाच्या पेटीतली माती ओलसर ठेवावी.

महाराष्ट्रात हे सगळं वाचून कोणी चांदणी कासव आणायचा विचार करत असेल तर थांबावं. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये असलेलं हे कासव पाळणं गुन्हा आहे. सापडलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं.

कॅल्शियम खरोखर कमी पडलं की रक्तातली पातळी टिकवायला पॅराथायरॉइड ग्रंथी हाडातून आणि कवचातून ते उपसायला लागतात. कवच बोटाखाली दबतं, जबडा रबरासारखा होतो, कासव पोट उचलून चालण्याऐवजी फरफटतं. पहिल्या वर्षात कवच थोडं दबणं स्वाभाविक असतं, नंतर नाही. अशा वेळी घरी भुकटी वाढवत बसण्यात अर्थ नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. रक्त तपासताना एकूण कॅल्शियमबरोबर आयनित, म्हणजे रक्तात मोकळं असलेलं, कॅल्शियमही मोजायला सांगावं, कारण अंडी तयार होत असलेल्या मादीत एकूण आकडा एरवीही चढलेलाच असतो.