कन्सोल प्रॉक्सी

कन्सोल प्रॉक्सी : क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनचा (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाचा) पडदा आणि कीबोर्ड वापरकर्त्याच्या ब्राउझरपर्यंत पोहोचवणारी मध्यस्थ सेवा. एरवी व्हीएममध्ये एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन करून, शिरता येते. पण फायरवॉलचा एखादा नियम चुकला किंवा बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कचे नाव चुकीचे पडून बूट अर्ध्यावर अडकले की ती वाट बंद होते. कन्सोल (हाच पडदा आणि कीबोर्ड) दाखवतो तो हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारे सॉफ्टवेअर; त्यामुळे व्हीएमचे नेटवर्क मेलेले असले तरी पडदा दिसतो.

केव्हीएम या लिनक्समधल्या हायपरव्हायझरवर हे काम क्यूईएमयू या त्याच्या जोडीच्या प्रोग्रॅममधला व्हीएनसी (दूरचा पडदा दाखवण्याची पद्धत) सर्व्हर करतो. होस्टवरच्या (व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ संगणकावरच्या) पहिल्या व्हीएमला साधारणपणे ५९०० पोर्ट (नेटवर्क जोडणीचा क्रमांक) मिळते, पुढच्याला ५९०१. ही पोर्टे बाहेर उघडी ठेवणे धोक्याचे. व्हीएनसीची जुनी पासवर्ड पद्धत डीईएस या जुन्या कूटपद्धतीवर बेतलेली, पासवर्डची पहिली आठच अक्षरे मोजणारी. आणि एकदा आत गेले की पुढची सगळी वाहतूक उघडी. म्हणून मध्ये प्रॉक्सी बसवतात.

ओपनस्टॅक या क्लाउड उभारण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या, व्हीएम सांभाळणाऱ्या नोव्हा या घटकात ही रचना स्पष्ट दिसते. वापरकर्त्याने कन्सोल मागितला की नोव्हा एक टोकन (तात्पुरते प्रवेशचिन्ह) तयार करून ते यूआरएलमध्ये घालून देते. ब्राउझर वेबसॉकेटने (सर्व्हरशी सलग दुतर्फी जोडणीने) प्रॉक्सीच्या ६०८० पोर्टला जोडला जातो, प्रॉक्सी टोकनवरून होस्ट आणि पोर्ट शोधते. बाइट इकडून तिकडे ढकलणे सोपे. अवघड आहे ते कोणाला कुठे सोडायचे हे ठरवणे. टोकन देऊन झाल्यावर व्हीएम दुसऱ्या होस्टवर गेले आणि जुने ५९०१ भलत्याच ग्राहकाच्या वाट्याला आले तर? म्हणून जोडणीपूर्वी नोव्हा होस्टलाच विचारून पोर्टची खात्री करते. टोकनची मुदत मुळात ६०० सेकंद असते, पण ती जोडणी सुरू करण्यापुरती. उघडलेले सत्र दहा मिनिटांनी आपोआप तुटेल असे समजणे ही नेहमीची चूक.

पूर्वी टोकन सांभाळायला नोव्हा-कन्सोलऑथ ही वेगळी सेवा होती. मेमकॅश्ड (सामायिक तात्पुरती साठवण) न लावता तिच्या दोन प्रती चालवल्या तर एकीने दिलेले टोकन दुसरी ओळखत नसे. २०१८ च्या रॉकी आवृत्तीत ती कालबाह्य ठरली, २०१९ च्या ट्रेनमध्ये काढून टाकली गेली. आता टोकनचा फक्त हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा) डेटाबेसमध्ये राहतो.

वेबसॉकेटला ब्राउझरचे समान-उगमाचे बंधन (एका साइटच्या पानाने दुसऱ्या साइटचा मजकूर वाचू नये हा नियम) लागू होत नाही. विनंती कोणत्या साइटवरून आली हे नोव्हाची प्रॉक्सी पूर्वी तपासत नसल्याने परक्या पानाला वापरकर्त्याच्या कुकीच्या आधारे त्याच्या कन्सोलमध्ये शिरणे शक्य होते. ही त्रुटी सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१५-०२५९ या क्रमांकाने नोंदली गेली. प्रॉक्सी ते होस्ट हा आतला टप्पा २०१८ च्या क्वीन्स आवृत्तीपासून व्हेनक्रिप्ट या व्हीएनसीच्या सुरक्षित जोडपद्धतीने कूटबद्ध करता येतो.

कीबोर्डची अडचण मात्र प्रॉक्सीच्या हातात नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबले की ते वापरकर्त्याच्याच संगणकाला लागते, म्हणून नोव्हीएनसी या ब्राउझरमध्ये कन्सोल दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पडद्यावर त्यासाठी वेगळे बटण दिलेले असते.