नवी पिन, जुने भोक

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की टेंभुर्णी, अकलूज, पंढरपूर, मंगळवेढा अशा सगळ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. त्यांच्याबरोबर ट्रॉली जोडणाऱ्या पिनेची एक तक्रारही ऐकू येते: "परवा नवी पिन टाकली, महिन्यात गेली. माल कच्चा निघाला." कधी माल खरोखर कच्चा असतो. बहुतेक वेळा मात्र ही नवी पिन जुन्या, मोठ्या झालेल्या भोकात घातलेली असते. झीज एकट्या पिनेची होत नाही, जोडाची होते. पिन हा त्या जोडाचा सर्वात स्वस्त भाग, म्हणून सगळा राग तिच्यावर निघतो.

जोड साधाच असतो. ट्रॅक्टरच्या मागे हुकाचा जबडा, त्याला वर-खाली दोन ओठ आणि दोन्ही ओठांत आरपार भोक. ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला कडी. कडी दोन ओठांमध्ये सरकवायची, वरून पिन टाकायची आणि पिनेला खाली क्लिप लावायची.

आता या जोडातल्या मोकळ्या जागेकडे पाहू. पिन 30 मिलिमीटर जाड आणि भोक 31 मिलिमीटरचे असेल तर पिनेला हलायला 1 मिलिमीटर मिळतो. भोक 36 चे झाले की 6. एवढ्याने काय होते? दोन गोष्टी होतात, आणि दोन्हींचा हिशेब मांडता येतो.

पहिली गोष्ट दाबाची. गोल पिन गोल भोकाच्या कडेला टेकते तेव्हा एका अरुंद पट्टीवरच टेकते. ही पट्टी किती रुंद असेल याचे गणित हाइनरिख हर्ट्झ यांनी 1882 साली प्रसिद्ध केले. वारंवारतेच्या एककाला ज्यांचे नाव आहे तेच हे हर्ट्झ. पिन आणि भोक यांची गोलाई जितकी जुळती, तितकी पट्टी रुंद. 30 मिलिमीटर लांबीच्या टेकणीवर 1,000 किलोचे ओढबळ, म्हणजे सुमारे 10 किलोन्यूटन, धरले तर 31 च्या भोकात पट्टी साधारण 2.6 मिलिमीटर रुंद येते आणि तिच्या मध्यावरचा दाब दर चौरस मिलिमीटरला सुमारे 160 न्यूटन. हीच पिन 36 च्या भोकात घातली की पट्टी 1.2 मिलिमीटरवर येते आणि दाब सुमारे 365 न्यूटनवर जातो. भार तोच, पिन तीच, दाब सव्वादोन पट. चालकाने क्लच झटक्याने सोडला आणि क्षणभर बळ दुप्पट झाले, तर दाब 500 च्या पुढे सरकतो. एवढ्या दाबाखाली साध्या मऊ पोलादाचा पृष्ठभागाजवळचा थर पिठासारखा सरकू लागतो. भोकाच्या कडा बाहेर फुललेल्या दिसतात त्या यामुळे.

दुसरी गोष्ट ठोक्याची. ट्रॅक्टर सुटतो तेव्हा आधी मोकळी जागा भरून निघते आणि मगच ट्रॉली हलते. तेवढ्या अंतरात ट्रॅक्टर मोकळा धावतो आणि मग आदळतो. आदळण्याची ऊर्जा म्हणजे बळ गुणिले मोकळे अंतर. 10 किलोन्यूटन बळ आणि 1 मिलिमीटर मोकळीक असेल तर 10 ज्यूल: एक किलोचा हातोडा एक मीटर उंचीवरून पडावा तसा ठोका. मोकळीक 6 मिलिमीटर झाली की 60 ज्यूल, म्हणजे सहा किलोचा घण तेवढ्याच उंचीवरून. गियर बदलताना, गतिरोधकावर, कारखान्याच्या रांगेत चार-चार फूट पुढे सरकताना हा घण पडतच असतो. मागे दुसरी ट्रॉली असेल तर तिच्या जोडावरही पडतो. ठोक्याने भोक वाढते, भोक वाढले की ठोका वाढतो. म्हणून झीज सरळ रेषेत न वाढता शेवटी एकदम धावते, आणि "कालपर्यंत बरी होती" हे वाक्य बोलणाऱ्याच्या दृष्टीने खरेच असते.

यात धूळ भर घालते. घासण्याने होणारी झीज भार आणि घासलेले अंतर यांच्या प्रमाणात वाढते, आणि पृष्ठभाग जितका कठीण तितकी कमी होते. हा नियम आर्चर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1953 साली मांडला. रस्त्याच्या धुळीत गारेचे, म्हणजे गारगोटीचे, बारीक कण असतात. गार मऊ पोलादापेक्षा कित्येक पट कठीण, त्यामुळे ती कानशीसारखे काम करते. ग्रीस लावायचे ते जुने पुसून काढल्यावरच. मळलेल्या ग्रीसवर नवे थापले तर घासायची लुगदी तेवढी तयार होते.

झीज कुठे झाली आहे यावरून कारण ओळखता येते, आणि एवढे वाचता आले तरी निम्मे काम होते. ओढताना पिन कडीच्या पुढच्या, म्हणजे ट्रॅक्टरकडच्या कडेवर रेटते, त्यामुळे तिथली झीज स्वाभाविक. कडीची मागची, दांडीकडची कड चकाकत असेल, तर उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आहे. तेव्हा पिन बदलण्याआधी ट्रॉलीचे ब्रेक पाहावेत. खालच्या ओठावर कडीची गोल खूण खोल गेली असेल, तर दांडीवर भार फार आहे. वरच्या ओठाचा खालचा पृष्ठभाग घासला असेल, तर उलट: ऊस मागे जास्त भरला जातो, किंवा मागच्या दोन-चाकी ट्रॉलीची दांडी पुढच्या ट्रॉलीचे शेपूट दाबते आणि कडी वर उचलली जाते. अशा वेळी ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होऊन घसरतात. कडी एकाच बाजूला, डावीकडे किंवा उजवीकडे, खाल्ली गेली असेल तर दांडी वाकलेली आहे किंवा ट्रॉलीचा आस तिरका बसला आहे. इथे दहा पिना बदलल्या तरी अकरावीही तशीच जाईल.

तपासणी रिकाम्या ट्रॉलीवर, सपाट जागेवर करावी. चाकांना पुढे-मागे दगड किंवा ठोकळे लावावेत, दांडीखाली जॅक किंवा भक्कम ठोकळा द्यावा, मग पिन काढावी. भरलेली दोन-चाकी ट्रॉली अशी सोडू नये. शेपूट जड असेल तर दांडी उसळून छातीवर येते. पिन डिझेलने धुऊन व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या मापकाने, दोन ठिकाणी मोजावी: डोक्याखाली, जिथे झीज होत नाही, आणि मध्ये, जिथे कंबर पडते. उत्पादकाने मर्यादा दिली असेल तर ती पाळावी. नसेल तर भार उचलण्याच्या शॅकलसाठी (पिन घालून बंद करायच्या लोखंडी कडीसाठी) वापरतात तो 10 टक्क्यांचा नियम इथेही चांगला: 30 ची पिन 27 वर आली की बाद. 10 टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण जाडी 10 टक्क्यांनी घटली की काप सोसणारे क्षेत्रफळ 19 टक्क्यांनी आणि वाकणे सोसण्याची ताकद 27 टक्क्यांनी घटते. भोक आडवे-उभे दोन्ही मोजावे, कारण ते अंड्याच्या आकाराचे झालेले असते.

दांडीच्या वेल्डिंगजवळचे तडे शोधायला खडू पुरतो. जागा घासून साफ करा, डिझेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडी पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेले डिझेल बाहेर झिरपून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

दुरुस्तीत सर्वात मोठी चूक म्हणजे पिनेवर वेल्डिंगचा थर चढवणे. चांगली पिन ईएन 8 सारख्या मध्यम कार्बनच्या पोलादाची असते. ती न तापवता वेल्ड केली की थराखालचा भाग झटकन थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो, आणि पिन झिजण्याऐवजी एके दिवशी मोडते. बांधकामाची सळई कापून घातलेली पिन तर त्याहून वाईट. तिची साल कडक आणि गाभा मऊ असतो, शिवाय अंगावरच्या उंचवट्यांमुळे टेकायला पट्टीऐवजी ठिपकेच मिळतात. खरा उपाय म्हणजे भोक यंत्रावर गोल कातून त्यात पिनेपेक्षा मऊ पोलादाचा बुश, म्हणजे नळीसारखे अस्तर, बसवणे आणि मापाची पिन घालणे. पुढच्या वेळी बुश बदलला की पुरते. "आयुष्यभर न झिजणारी पिन" म्हणून काही विकले जात असेल, तर भोकाचे काय हे आधी विचारावे. हुकाला टांगलेल्या लिंबू-मिरचीने 36 चे भोक 31 चे होत नाही. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन पुजतोच, त्याच दिवशी व्हर्नियरही लावावा, कारण हंगाम तोंडावर असतो.

आता खाली दाबणाऱ्या भाराविषयी. अमेरिकेत मोटारीमागे घरासारखे कॅरव्हॅन ओढतात. तिथे ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हुकावर ठेवतात आणि त्यामुळे मोटारीचा पुढचा भाग उचलू नये म्हणून भार वाटून देणारी ‘हिच’, म्हणजे जोडणी, लावतात. तिच्या दोन लांब स्प्रिंगदार पट्ट्या वाकवून साखळीने ताणतात. त्यांच्या पिळाने हुकावरचा काही भार पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे जातो. तिथलाही शत्रू तोच, मोकळीक. सुमारे 75 सेंटिमीटर लांबीच्या पट्टीच्या मुळाशी, 10 सेंटिमीटरच्या बैठकीत 1 मिलिमीटर खेळ आला तर टोकाशी तो 7 मिलिमीटरहून जास्त होतो. ताण निघून जातो आणि मोटारीचे शेपूट पुन्हा बसते. बैठकींना ग्रीस लावायचे, पण डोलणे थांबवणाऱ्या घर्षणपट्ट्यांना मुळीच नाही. ट्रॅक्टरला ही हिच चालणार नाही. बांधावरून चढताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात एवढा कोन होतो की पट्ट्या तुटतील.

ट्रॅक्टरला हिशेब वेगळ्या रीतीने सांभाळावा लागतो. 2,000 किलोचा ट्रॅक्टर, त्यातले 800 पुढच्या चाकांवर, दोन आसांमध्ये 2 मीटर, हुक मागच्या आसापासून 70 सेंटिमीटर मागे. भरून 8 टनांची दोन-चाकी ट्रॉली हुकावर 600 किलो टाकत असेल, तर पुढून 210 किलो कमी होतात, उरतात 590. शेतातून डांबरी रस्त्यावर चढताना 1,000 किलोचे ओढबळ लागले आणि हुक जमिनीपासून 50 सेंटिमीटरवर असेल, तर आणखी 250 जातात, उरतात 340. हेच ओढबळ 90 सेंटिमीटर उंचीवरून घेतले तर जातात 450, उरतात फक्त 140. चढाची तिरपाई त्यातूनही 50-60 किलो खाते. उंच जागी ट्रॉली जोडणे जिवाशी खेळ आहे तो या आकड्यांमुळे.

ऊस मोजणाऱ्या काट्यावर हे तपासता येते. ट्रॅक्टरची फक्त पुढची चाके काट्यावर उभी करून एकदा ट्रॉलीशिवाय आणि एकदा भरलेली ट्रॉली जोडून वजन घ्यावे. सपाटीवर जोडलेल्या अवस्थेत ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा, इथे 400 किलो, पुढे हवा. चढासाठी त्याहून बराच जास्त लागतो. कमी पडला तर हुक खालच्या भोकात घ्या, पुढे वजने लावा आणि ऊस थोडा ट्रॉलीच्या आसाकडे सरकवून भरा. या ट्रॉलीत आसापासून दांडीच्या कडीपर्यंत 4 मीटर अंतर असेल, तर भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाचा मध्य 10 सेंटिमीटर मागे नेला की हुकावरचे 200 किलो उतरतात. फार मागे मात्र नेऊ नका, नाहीतर वरचा ओठ घासू लागेल.