ओसाकाच्या चात्या आणि वऱ्हाडचा कापूस

जपानमधलं ओसाका मुळात कारखानदारांचं नव्हे, व्यापाऱ्यांचं शहर. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ च्या शोगुनांच्या राजवटीत, देशभरच्या सरदारांचा तांदूळ इथल्या वखारींत उतरायचा आणि दोजिमाच्या बाजारात त्याचे वायदे व्हायचे. ‘देशाचं स्वयंपाकघर’ हे बिरुद त्या काळावरूनच. १८६८ नंतर नव्या सरकारने इथे तोफांचा कारखाना काढला, १८७१ मध्ये टांकसाळ सुरू केली. पण शहराचा तोंडवळा बदलला तो सुताने.

उद्योजक शिबुसावा एइइची यांनी भांडवल जमवून १८८२ मध्ये ओसाका बोसेकी ही कंपनी स्थापली आणि पुढच्या वर्षी तिची सूतगिरणी सुरू झाली. सरकारी प्रोत्साहनाने निघालेल्या आधीच्या गिरण्या जेमतेम दोन हजार चात्यांच्या (चाती म्हणजे सूत कातणारा फिरता दांडा), त्यातल्या बऱ्याचशा पाण्यावर चालणाऱ्या. ही वाफेवरची, १०,५०० चात्यांची. लंडनला शिकत असलेल्या यामानोबे ताकेओ या तरुणाला शिबुसावांनी आधीच इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीत काम शिकायला धाडलं होतं. यंत्रं महागडी, तेव्हा ती रात्री थांबवायची नाहीत हा हिशेब. रॉकेलच्या दिव्यांनी कापसाला आग लागायची धास्ती, म्हणून १८८६ मध्ये विजेचे दिवे आले.

त्या उजेडात उभ्या असत त्या खेड्यांतून आणलेल्या मुली. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या, राहायला कंपनीचं वसतिगृह. दिवसपाळीची मुलगी उठून गेली की तिच्याच गादीवर रात्रपाळीची येऊन पडायची. बायकांची रात्रपाळी तिथे बंद झाली ती थेट १९२९ मध्ये. ‘पूर्वेकडचं मँचेस्टर’ म्हणून ओसाकाचं कौतुक होतं, तेव्हा ही गादीही आठवावी.

कापूस मात्र बाहेरून आणावा लागे. मुंबईहून तो नेणाऱ्या बोटींवर पी अँड ओ ही ब्रिटिश बोट कंपनी आणि तिच्या साथीदारांची मक्तेदारी होती. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला जाऊन शिबुसावांना भेटले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निप्पॉन युसेन या जपानी कंपनीची मुंबई-कोबे बोटसेवा सुरू झाली. चिडलेल्या पी अँड ओने टनामागचं १७ रुपये भाडं दीड रुपयावर आणलं. तरी जपानी गिरण्या नव्या बोटींनाच धरून राहिल्या. गासड्यांत वऱ्हाड-खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस असे. बाजारात त्याचं नाव ‘उमरा’, म्हणजे आपल्या अमरावतीचाच अपभ्रंश. हा कापूस लांब धाग्याच्या अमेरिकन कापसात बेताने मिसळणं ही तिथली खरी कारागिरी.

१८९७ मध्ये जपानची सुताची निर्यात आयातीच्या पुढे गेली. आधी जपानला आणि चीनला मुंबईचं सूत जात असे. ती गिऱ्हाइकं आपल्याच कापसाने कातलेल्या सुतापायी गेली. १९२० च्या दशकात मुंबईचे गिरणीमालक आयात मालावर जकातीची मागणी करू लागले, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार ओसाकाच्या दुहेरी पाळीबद्दल होती. ती खोटी नव्हती, पण आपल्या गिरण्यांतली जुनाट यंत्रं मालक तेवढी सोयीने विसरत.

१९२५ मध्ये हद्दवाढीनंतर ओसाकाची लोकसंख्या २१ लाखांवर गेली. भूकंपाने मोडलेलं टोकियो मागे पडलं. धुराड्यांनी आकाश भरलं आणि कारखान्यांनी उपसलेल्या भूजलामुळे किनाऱ्याची जमीन खचू लागली. ती का खचते, यावर बराच काळ वाद चालला. १९४५ च्या बॉम्बफेकीत कारखाने बेचिराख झाले, उपसा थांबला आणि जमीनही खचायची थांबली. कारण पक्कं झालं ते असं. युद्धानंतर कारखाने पुन्हा उभे राहिले, तशी जमीनही पुन्हा खचू लागली.

पुढची वळणं सगळ्यांना ठाऊक आहेत. मात्सुशिता कंपनीने १९१८ मध्ये विजेच्या सॉकेटांपासून सुरुवात केली होती. तिची पुढे पॅनासोनिक झाली. शेजारच्या साकाईत सुऱ्या आणि बंदुका घडवणाऱ्यांची परंपरा होती. पुढे तिथेच सायकलींचे सुटे भाग बनू लागले आणि १९२१ मध्ये शिमानो निघाली. आज हिगाशी-ओसाकाच्या गल्ल्यांत हजारो छोटी वर्कशॉपं आहेत, कित्येकांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. २००९ च्या जानेवारीत तिथल्या उद्योजकांच्या पुढाकाराने बनलेला ‘माइदो-१’ हा छोटा उपग्रह अवकाशात गेला. ‘माइदो’ म्हणजे ओसाकाचा दुकानदार दारात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणतो ते ‘नेहमीच आभारी आहे’.