फ्लाइंग क्लब

फ्लाइंग क्लब : सभासदांची वर्गणी, देणग्या व बहुतेक देशांत काही काळ मिळालेले सरकारी अनुदान यांवर चालणारी, स्वतःची हलकी विमाने व प्रशिक्षक बाळगणारी संस्था. हौसेखातर विमान चालवणे, ते चालवायला शिकणे आणि परवाना टिकवण्यासाठी लागणारे तास भरणे, ही तिन्ही कामे येथे एकाच धावपट्टीवर होतात. हलके विमान म्हणजे येथे एका पंख्याचे (प्रॉपेलरचे), दोन ते चार आसनांचे, पिस्टन इंजिनावर चालणारे विमान. घसरविमाने (ग्लायडर) व मायक्रोलाइट (अतिशय हलकी, लहान विमाने) यांचे क्लब वेगळे असतात. त्यांचा उल्लेख ओघाने येईल तेवढाच.

प्रारंभ : पहिला फ्लाइंग क्लब कोणता, याचे उत्तर क्लब कशाला म्हणावे यावर अवलंबून आहे. फ्रान्सचा एअरो क्लब १८९८ मधला, तर ब्रिटनचा एअरो क्लब (पुढे ‘रॉयल’) १९०१ मधला. पण या दोन्ही संस्था मुळात वायुफुग्यांच्या शौकिनांनी काढल्या आणि पुढे त्यांच्याकडे मुख्यतः स्पर्धा भरवणे व वैमानिकांना प्रमाणपत्रे देणे हे काम आले. सभासदाला विमान भाड्याने देऊन शिकवणारी संस्था ही त्याहून निराळी गोष्ट आहे. लँकेशर एअरो क्लब आपली परंपरा १९०९ पर्यंत मागे नेतो, मात्र ती परंपरा अखंड धरावी का, याविषयी मतभेद आहेत. आजच्या अर्थाचा क्लब ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या १९२५ च्या योजनेतून निघाला, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. या योजनेखाली लंडन, लँकेशर, न्यूकॅसल आदी ठिकाणच्या क्लबांना विमाने व अनुदान मिळाले. नागरी विमान वाहतुकीचे तत्कालीन संचालक सर सेफ्टन ब्रँकर तिचे खंदे पुरस्कर्ते होते.

योजना तगली ती विमानामुळे. इंग्लंडमधील लिम्प्ने येथे १९२३ व १९२४ साली भरलेल्या हलक्या विमानांच्या स्पर्धांत अतिशय लहान इंजिनांची विमाने उतरली होती. ती काटकसरी होती, पण शिकाऊ माणसाच्या हाती देण्याजोगी नव्हती. जेफ्री डी हॅविलँड यांनी मधला मार्ग काढला. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी प्रथम उडालेले त्यांचे डीएच-६० ‘मॉथ’ हे दुपंखी विमान ६० अश्वशक्तीच्या सिरस इंजिनावर चाले. त्याचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ते लहानशा शेडमध्ये मावे. पुढे जिप्सी इंजिन बसवल्यावर ते ‘जिप्सी मॉथ’ झाले, आणि हिंदुस्थानातील पहिल्या पिढीचे वैमानिक बहुतांशी त्याच्यावरच शिकले.

जर्मनीत व्हर्सायच्या तहाने इंजिनाच्या विमानांवर निर्बंध आल्याने हौशी मंडळी १९२० पासून वासरकुप्पे डोंगरावर घसरविमानांकडे वळली. सोव्हिएट संघात १९२७ साली स्थापन झालेल्या ओसोआव्हियाखिम या संघटनेने क्लबांचे जाळे उभारले, पण त्यामागे हौसेपेक्षा लष्करी भरतीचा विचार प्रबळ होता.

शिक्षणपद्धती : क्लबांत आज शिकवला जाणारा क्रम मूलतः पहिल्या महायुद्धातील आहे. रॉबर्ट स्मिथ-बॅरी या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१७ साली इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे ॲव्ह्रो ५०४ या दुहेरी नियंत्रणाच्या विमानावर तो बसवला. तोवर शिकाऊ वैमानिकाला धोक्याच्या स्थितींपासून दूर ठेवण्याकडे कल होता. स्मिथ-बॅरी यांनी नेमके उलट केले : विद्यार्थ्याला मुद्दाम स्टॉल (पंख हवेला फार मोठ्या कोनात आल्याने त्यांची उचल कोसळण्याची स्थिती) व स्पिनमध्ये (एक पंख दुसऱ्यापेक्षा अधिक स्टॉल होऊन विमान गरगरत खाली येण्याची स्थिती) नेऊन त्यातून स्वतःच बाहेर पडायला लावले. प्रशिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्याच्या कानापर्यंत नेणारी रबरी नळी ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ म्हणूनच ओळखली जाते.

स्पिनमधून सुटण्याचा उपाय प्रथम कोणी शोधला, हा प्रश्न संदर्भग्रंथांत वारंवार येतो. अनेक जुन्या पुस्तकांत हे श्रेय फ्रेडरिक लिंडेमान या भौतिकीविदाला दिलेले आढळते. त्यांनी १९१७ च्या सुमारास फार्नबरो येथे स्वतः विमान स्पिनमध्ये घालून मोजमापे घेतली, हे खरे. परंतु लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क २५ ऑगस्ट १९१२ रोजी अशाच गिरकीतून निसटले होते व त्याची नोंद त्याच वेळी प्रसिद्ध झाली. त्यांनी गिरकीच्या विरुद्ध बाजूचा रडर (शेपटीवरील उभे सुकाणू) पूर्ण दाबला होता. पुढच्या पाच वर्षांत ही युक्ती वैमानिकांमध्ये तोंडोतोंडी पसरली असावी. म्हणून उपाय वैमानिकांचा आणि त्याची गणिती उपपत्ती लिंडेमान यांची, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. उपायाचा क्रम आजही जवळपास तोच आहे : इंजिनाची शक्ती कमी करणे, विरुद्ध रडर देणे, स्टिक (वैमानिकाच्या हातातील नियंत्रण-दांडा) पुढे ढकलणे आणि गिरकी थांबताच रडर मधोमध आणून विमान हळूहळू वर काढणे. यातील स्टिक पुढे ढकलण्याची पायरी शिकाऊ माणसाच्या सहजप्रवृत्तीच्या विरुद्ध आहे. जमीन समोरून येत असताना हात आपोआप स्टिक मागे ओढतो, आणि त्यामुळे स्टॉल टिकून राहतो.

भारतातील क्लब : एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ही संस्था १९२७ साली स्थापन झाली. तिच्या आधाराने दिल्ली, कराची, कलकत्ता व मुंबई येथे क्लब निघाले. बाँबे फ्लाइंग क्लबची स्थापना सर्वसाधारणपणे १९२८ ची मानतात. जुहूचा विमानतळही त्याच वर्षाचा. काही लेखक क्लबचे वर्ष १९२९ देतात, ते बहुधा नियमित शिक्षण सुरू झाल्याच्या आधारे.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेल्या परवान्यावर क्रमांक १ आहे. त्यावरून त्यांना ‘पहिले भारतीय वैमानिक’ म्हणण्याची प्रथा पडली, पण ती बरोबर नाही. इंद्रलाल रॉय व हरदित सिंग मलिक यांनी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढाऊ विमाने चालवली होती, आणि रॉय तर जुलै १९१८ मध्ये लढतानाच मारले गेले. टाटांचा मान हिंदुस्थानात दिल्या गेलेल्या पहिल्या परवान्याचा आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे. असाच घोळ पहिल्या महिला वैमानिकाविषयी आहे. लाहोर येथे १९३६ साली जिप्सी मॉथवर परवाना मिळवणाऱ्या सरला ठकराल यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. तथापि मुंबईच्या उर्मिला पारीख यांना १९३२ च्या सुमारास परवाना मिळाल्याचे उल्लेख आहेत आणि कालक्रमाने तेच आधीचे ठरतात.

आगाखान यांनी इंग्लंड-हिंदुस्थान मार्गावर एका महिन्याच्या आत एकट्याने उड्डाण पूर्ण करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी ५०० पौंडांचे पारितोषिक लावले, तेव्हा १९३० साली मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर व टाटा असे तिघे मैदानात होते. टाटा कराचीहून निघाले होते, तर इंजिनिअर समोरून येत होते. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. इंजिनिअर स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. टाटांनी आपल्याकडचे प्लग त्यांना दिले. मे महिन्यात पारितोषिक इंजिनिअर यांनी पटकावले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

स्वातंत्र्यानंतर क्लबांना देशी विमाने मिळू लागली. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे एचटी-२ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. त्याचे शिल्पकार डॉ. विष्णू माधव घाटगे हे मूळचे कोल्हापूरकडील हसूरचे. गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी वायुगतिकीचे संशोधन केले होते. क्लबांच्या अंगवळणी मात्र पडले ते ‘पुष्पक’. वर पंख, आत शेजारी-शेजारी दोन आसने, ९० अश्वशक्तीचे इंजिन आणि कापडाचे आवरण असलेले हे विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले. त्याचा आराखडा अमेरिकन एरोंका ‘चीफ’वर बेतलेला आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे ‘हंसा-३’ पुढच्या पिढीतले. सेस्ना १५२ व १७२ यांनी नंतर बहुतेक ठिकाणी जागा घेतली.

मार्गनिर्देशन : हलक्या विमानाचा वैमानिक सामान्यतः दृश्य उड्डाण नियमांनी उडतो. म्हणजे त्याला जमीन दिसली पाहिजे, ढगांपासून ठरलेले अंतर राखले पाहिजे आणि दहा हजार फुटांखाली किमान ५ किमी दृश्यमानता हवी. नकाशा, होकायंत्र व घड्याळ ही त्याची तीन साधने. गणित साधे आहे, पण हवेत एका हाताने करायचे असते. म्हणून ते जमिनीवरच पक्के केले जाते.

धुळ्याहून छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला जायचे आहे, असे धरू. अंतर सुमारे ७२ सागरी मैल, मार्गाची दिशा सुमारे १५०°. विमानाचा हवेतील वेग ९० नॉट (ताशी सागरी मैल) असेल आणि वारा २४०° कडून, म्हणजे उजवीकडून काटकोनात, २० नॉटने वाहत असेल, तर नाक सुमारे १३° उजवीकडे, १६३° वर धरावे लागते. जमिनीवरचा वेग ८८ नॉटच्या आसपास पडतो आणि प्रवासाला ४९ मिनिटे लागतात. वारा विसरून १५०° वर ४८ मिनिटे उडालेला विद्यार्थी चिकलठाण्याच्या ईशान्येस १६ सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ३० किमी दूर निघेल.

पहिली तपासणी चाळीसगावला होते. ते धुळ्यापासून ३० मैलांवर, जवळपास रेषेवरच आहे. मुंबई-भुसावळ लोहमार्गाला धुळ्याची शाखा जेथे मिळते, ती खूण हवेतून चुकत नाही. वीस-एकवीस मिनिटांनी गाव पंखाखाली यायला हवे. ते उजवीकडे ३ मैलांवर दिसले, तर वारा अंदाजापेक्षा जोराचा आहे. येथे ‘साठास एक’ हा नियम कामी येतो : ६० मैलांत १ मैल चूक म्हणजे १° कोन. तीस मैलांत ३ मैल म्हणजे ६°. उरलेल्या ४२ मैलांत तेवढेच भरून काढायचे, तर आणखी सुमारे ४°. नाक १०° उजवीकडे वळवले की विमान मुक्कामी येते. पुढे कन्नडचा औट्रम घाट, अजिंठ्याच्या रांगेची कड आणि शेवटी देवगिरीचा सुटा डोंगर अशा खुणा एकामागून एक येतात. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे जमिनीवर काही दिसले की ते नकाशात शोधणे. क्रम उलटा हवा : घड्याळ पाहून नकाशात आता काय यायला हवे ते ठरवायचे आणि मग ते खाली शोधायचे. हा क्रम सोडलेल्या माणसाला कोणतीही नदी गिरणाच वाटते.

होकायंत्राच्या चुका हा परीक्षेतला अवघड भाग. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे : शिकवणीतली बरीच आकडेवारी ब्रिटिश पुस्तकांतून आलेली आहे आणि ती आपल्या अक्षांशांना जशीच्या तशी लागू होत नाही. महाराष्ट्रात चुंबकीय दिक्पात, म्हणजे होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांतील कोन, एक अंशाच्या आतबाहेर आहे. मॉथच्या काळात लंडनला तो दहा अंशांहून अधिक पश्चिमेस होता. नती, म्हणजे चुंबकसूचीचा खाली झुकण्याचा कोन, लंडनला ६६° च्या आसपास, तर अलिबागला केवळ २५° च्या आसपास आहे. अलिबागची वेधशाळा हे मोजमाप १९०४ पासून करते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा तिकडे हलवण्यात आली. उत्तरेकडे वळताना होकायंत्र मागे रेंगाळते व दक्षिणेकडे वळताना पुढे धावते, ते या नतीमुळे. त्यामुळे कोकणावर ही चूक इंग्लंडपेक्षा बरीच कमी असते.

उलट, उष्णतेचा परिणाम आपल्याकडे जास्त. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे. मे महिन्यात ४०° से. तापमानात तेथील हवा प्रमाण वातावरणातील (गणितासाठी गृहीत धरलेल्या सरासरी हवेतील) पाच हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. अशा वेळी लहान विमानाला जमीन सोडायला जास्त धाव लागते व ते चढते हळू. पावसाळ्यात सह्याद्रीलगतचे ढग इतके खाली येतात की दृश्य उड्डाण अनेक दिवस होतच नाही.

उपग्रहाधारित जीपीएस प्रणाली १९९५ साली पूर्ण कार्यान्वित झाली. मे २००० मध्ये नागरी संकेतांतील मुद्दाम ठेवलेली अचूकतेची तूट अमेरिकेने काढून टाकली आणि क्लबच्या विमानांत स्थान दाखवणारे पडदे आले. नकाशा व घड्याळ यांचे शिक्षण त्यामुळे कालबाह्य झाले, हे मत प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. पडदा विमान कोठे आहे हे सांगतो; वारा बदलल्याने इंधन पुरेल की नाही, हे वैमानिकालाच कळावे लागते.

परवाना : आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार खाजगी वैमानिकाला वयाची १७ वर्षे व किमान ४० तासांचे उड्डाण लागते. त्यात एकट्याने केलेल्या दूरच्या उड्डाणांचे ५ तास असतात आणि त्यांपैकी एक सलग उड्डाण २७० किमीचे, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेले, असावे लागते. भारतातही ४० तासांचीच अट असून शिकाऊ परवाना १६ व्या वर्षी मिळतो. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात. परीक्षेत हवाई नियम, मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र व विमान-इंजिन हे विषय असतात. वैद्यकीय तपासणी व रेडिओ-दूरध्वनीचा परवाना वेगळा.

भारतात ४० तासांवर थांबणारे थोडे. बहुतेक विद्यार्थी विमान कंपनीतील नोकरीसाठी २०० तास भरायला येतात, आणि हौशी सभासद हा क्लबांचा मूळ कणा येथे बारीक राहिला. इंधनाचा खर्च, मोठ्या शहरांभोवतीचे नियंत्रित हवाई क्षेत्र व लहान धावपट्ट्यांची वानवा ही त्याची कारणे दिसतात. जुहूचे आकाश मुंबईच्या मुख्य विमानतळाला खेटून असल्याने बाँबे फ्लाइंग क्लबने आपले उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याला हलवले. महाराष्ट्रात बारामती व गोंदिया येथेही प्रशिक्षण संस्था आहेत. पुण्यात हडपसरला घसरविमान केंद्र आहे.