रेंजफाइंडर जुळवणी

रोलच्या जुन्या कॅमेऱ्यातील अंतरमापक यंत्रणा आणि लेन्सचा फोकस यांचा बिघडलेला मेळ पुन्हा बसवण्याची क्रिया. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा एकमेकींवर बसतात त्याच अंतरावर लेन्सही फोकस झालेली असावी लागते. लेन्सच्या मागच्या कड्यावर टेकलेली तरफ आतला आरसा किंवा प्रिझम फिरवते. कॅमेरा आदळला, तरफ झिजली किंवा ग्रीस सुकले की फरक पडतो.

दोन प्रतिमा जुळवून अंतर मोजण्याचे हे तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील बार आणि स्ट्राउड यांच्या लष्करी व नाविक उपकरणांतून रूढ झाले. कॅमेऱ्याच्या लेन्सशी जोडलेल्या रेंजफाइंडरचा पहिला मान पुष्कळदा १९३२ च्या लाइका-२ किंवा कॉन्टॅक्स-१ ला दिला जातो. या दोहोंत आधी कोण, यावरही मतभेद आहेत. परंतु कोडॅकच्या ३-ए ऑटोग्राफिक स्पेशलमध्ये १९१६ च्या सुमारास अशी जोडणी आलेली होती. म्हणून १९३२ हे वर्ष ३५ मिमी कॅमेऱ्यांपुरतेच धरणे सयुक्तिक.

अचूकता दोन खिडक्यांमधील अंतर (पाया) गुणिले दृश्यदर्शकाचे वर्धन यावर ठरते. १९५४ च्या लाइका एम-३ मध्ये ६८.५ मिमी पाया आणि ०.९१ वर्धन, म्हणजे प्रभावी पाया सुमारे ६२ मिमी. सोव्हिएत फेड-२ कॅमेऱ्यात तो सुमारे ५० मिमी भरतो. ५० मिमीच्या प्रभावी पायाला १०० मीटरवरील वस्तू अनंतापेक्षा (म्हणजे अतिदूरच्या वस्तूपेक्षा) सुमारे १.७ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकलेली दिसते, १ किमीवर जेमतेम १० विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). शेजारच्या इमारतीवर ‘अनंत’ जुळवणे म्हणूनच चूक. लक्ष्य किमान एक किलोमीटर दूर आणि उभ्या कडेचे हवे. छत्रपती संभाजीनगरात औरंगाबाद लेण्यांवरून दिसणारे बीबी का मकबऱ्याचे मिनार यासाठी उत्तम. एप्रिल-मेमध्ये मात्र हे काम सकाळीच करावे. मराठवाड्यात पारा चाळिशीपार गेला की दुपारी तापलेल्या हवेत दूरची कड थरथरते आणि जुळवणी दर वेळी वेगळी येते.

आधी लेन्स तपासावी. मागचे झाकण उघडून फिल्म ज्या आतल्या रुळांवर टेकते त्यांवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी ताणून लावावी, शटर ‘बी’वर (बटण दाबून धरले तोवर उघडे राहण्याच्या स्थितीत) उघडे ठेवावे, ॲपर्चर पूर्ण उघडावे आणि भिंगातून दूरच्या लक्ष्याची प्रतिमा पाहावी. लेन्सचे फोकस-कडे अनंतावर असताना ती स्वच्छ नसेल तर दोष लेन्सच्या बैठकीत आहे. अशा वेळी रेंजफाइंडरला हात लावू नये.

झोर्की-४ या सोव्हिएत कॅमेऱ्यात पुढचा छोटा झाकणस्क्रू काढला की आत अनंताचा स्क्रू मिळतो. प्रतिमा वरखाली असेल तर गोल खिडकीतील पाचराकार काच फिरवावी लागते. तसे करताना प्रतिमा आडवीही सरकते, त्यामुळे या कॅमेऱ्यात उभी जुळवणी आधी, आडवी नंतर. लाइका एम मालिकेत तरफेच्या टोकाच्या चाकाचा विकेंद्री (मध्यापासून बाजूला बसवलेला) अक्ष फिरवून अनंत जुळते. जवळच्या अंतरासाठी तरफेच्या दुसऱ्या टोकाला वेगळा विकेंद्री स्क्रू असतो. जवळचे अंतर १ मीटरवर, फिल्मच्या पातळीपासून टेपने मोजून तपासावे. ते बदलले की अनंत पुन्हा ढळते. जवळचे अंतर आणि अनंत दोन्ही स्थिर होईपर्यंत आलटून पालटून फेऱ्या कराव्या लागतात. घाई इथेच नडते. शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो.

सोव्हिएत ज्युपिटर लेन्स लाइकावर लावल्यास अनंत बरोबर येऊनही जवळ फोकस चुकतो, याच्या कारणाबद्दल एकमत नाही. एका मताप्रमाणे त्या लेन्स कॉन्टॅक्सच्या ५२.४ मिमी नाभीय अंतराच्या प्रमाणावर, तर लाइकाची यंत्रणा ५१.६ मिमीवर आधारलेली आहे. दुसरे मत ढिसाळ उत्पादन आणि नंतरच्या चुकीच्या दुरुस्त्यांकडे बोट दाखवते. पहिल्या मतानुसार गणित केल्यास १ मीटरवर फोकस सुमारे ३ सेंमी मागे जातो. एफ/२ इतक्या उघड्या ॲपर्चरवर तिथली स्पष्टतेची खोली दोन्ही बाजूंना जेमतेम अडीच सेंमी, त्यामुळे डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतो, एफ/५.६ वर चूक झाकली जाते. प्रत्यक्षात आढळणारा दोष बहुधा याच दिशेचा असल्याने पहिले मत अधिक पटते, तरी एखाद्या लेन्सबाबत चाचणीचाच निकाल मानावा. उपाय लेन्सच्या बैठकीखालच्या पातळ चकतीत आहे. तिची जाडी वाढवली की जवळचा फोकस सुधारतो, अनंत किंचित सुटते. वेरूळच्या दहाव्या लेण्यासारख्या अंधाऱ्या जागी, ॲपर्चर पूर्ण उघडून जवळून टिपणाऱ्याला हा सौदा परवडतो.

दुसरी प्रतिमा फिकी दिसते ती बहुधा अर्धपारदर्शक आरशाचा मुलामा उडाल्याने. तो कापडाने पुसू नये, उरलेलाही निघून येतो. एम-३ मध्ये धक्क्याने प्रिझमचा चिकटा सुटून प्रतिमा नाहीशी होते, तिथे जुळवणीचा उपयोग नाही. काळ्या मातीची बारीक धूळ वरचे झाकण उघडताच आत शिरते. काम पंखा बंद करून, ब्लोअर हाताशी ठेवून करावे. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जपानी मापाच्या पेचकसानेच सोडवावेत, साध्या फुलीने त्यांची डोकी झिजतात.