औंध की बाणेर? फ्लॅट नंतर बघा, आधी गेटबाहेर चालून या

"आम्ही औंध-बाणेर साइडला बघतोय." नोकरीनिमित्त पुण्यात येणारं, कडेवर लहान मूल असलेलं जवळपास प्रत्येक जोडपं हेच म्हणतं, आणि ऐकून माझं डोकं फिरतं. बाबांनो, ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. शेजारी आहेत, एवढंच. जोडनाव रूढ व्हायला महापालिकेचाही हातभार लागला. २०१६ च्या जानेवारीत केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत पुणे दुसरं आलं, तेव्हा विकासासाठी औंध-बाणेर-बालेवाडी असा एकच पट्टा निवडला होता. एजंटांना आयतंच फावलं. औंधच्या नावाची पत आणि बाणेरच्या इमारतींची चमक, दोन्ही एकाच जाहिरातीत.

जे फरक लोक तासन्‌तास चघळतात ते आधी उरकतो. हिंजवडी, म्हणजे आयटी कंपन्यांचा पट्टा, दोन्हीकडून त्रासाचीच. औंधातून गेलात तर जगताप डेअरी आणि वाकडला अडकाल, बाणेरमधून गेलात तर राधा चौकात. हॉस्पिटलं दोन्हीकडे चांगली आहेत. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची मार्गिका बाणेर रस्त्यावरून जाते आणि सकाळनगरच्या कडेने विद्यापीठाकडे वळते, औंधच्या पोटात शिरत नाही; रोज शिवाजीनगरला जाणार असाल तर ते ध्यानात ठेवा. हॉटेलं बाणेर-बालेवाडीत जास्त. मूल तीन वर्षांचं असताना तुम्ही तिथे किती वेळा जाणार, ते तुम्हीच ठरवा. आणि हो, साताऱ्याकडचं संस्थानी औंध हे नव्हे. विचारणारे भेटतात म्हणून सांगितलं.

पत्त्यातली गंमत मात्र माहीत हवी. बाणेर रोड म्हणजे बाणेर नव्हे. हा रस्ता विद्यापीठ चौकातून निघतो. त्यावरची सिंध सोसायटी आणि सकाळनगर ही औंधच्या बाजूची, पिनकोड ४११००७. खरं बाणेर पुढे, ४११०४५. दुसऱ्या टोकाला याहून मोठी फसवणूक चालते. "बाणेर ॲनेक्स", "न्यू बाणेर" असं काही दिसलं की समजायचं, साइट पलीकडच्या म्हाळुंगे किंवा सूस गावातली आहे. ही गावं महापालिकेत आली २०२१ साली. तिथे घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. म्हाळुंग्यात घेतोय हे कळून घ्या आणि भाव म्हाळुंग्याचा द्या.

आता खरी गोची. घर बघायला निघालेली माणसं फ्लॅट फ्लॅटशी ताडून बघतात. त्या सामन्यात बाणेर दरवेळी जिंकणार. तिथला फ्लॅट तुम्हाला पाठ असेल, सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच असतात: क्लब हाउस, पोहायचा तलाव, पोडियमवर (पार्किंगच्या स्लॅबवर) बाग, घसरगुंडीखाली रबराची जमीन. औंधचा फ्लॅट म्हणजे पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची चार मजली इमारत, जिन्याखाली सायकली, बाथरूममध्ये जुन्या फरशा आणि पार्किंगवरून कायमची धुसफूस. बायको नाक मुरडते, नवरा हिशेब करतो, आणि बाणेरच्या टॉवरचा टोकन चेक फाडला जातो. पण लहान मुलाचं, आणि त्याहून जास्त त्याला सांभाळणाऱ्या माणसाचं आयुष्य फ्लॅटमध्ये ठरत नाही. ते गेटबाहेरच्या पहिल्या पाचशे पावलांत ठरतं.

औंधचा बराचसा भाग आधी आखला गेला आणि मग भरत गेला. प्लॉट पडले, गल्ल्या आखल्या, झाडं लागली, तळमजल्यावर दुकानं आली. बाणेर हे गाव १९९७ साली महापालिकेत आलं, आणि त्यानंतर एकेक शेत विकलं गेलं तशी एकेक सोसायटी उभी राहिली. दोन सोसायट्यांच्या मधलं काय, हा विचार कुणाच्याच वाट्याला आला नाही. म्हणून तिथे नकाशात डौलात जाणारा डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, प्रत्यक्षात मध्येच हिरव्या पत्र्यापाशी संपतो. पलीकडची जागा अजून ताब्यात आलेली नसते. शंभर मीटरवरच्या दुकानात जायला एक किलोमीटरचा वळसा पडतो. मग अर्थातच गाडी काढायची. सोसायटी म्हणजे बेट आणि गाडी म्हणजे होडी.

हे तुम्हाला फारसं जाणवणार नाही, कारण तुम्ही सकाळी बेसमेंटमधून गाडी काढून रात्री परत येणार. जाणवतं ते आजीला. तुमच्या घरी मूल कोण सांभाळणार आहे? दोघंही नोकरी करणाऱ्या मराठी घरात उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: काही महिने सासूबाई, काही महिने आई. आता ही नाशिकची किंवा अकोल्याची बाई डोळ्यांसमोर आणा. आयुष्यभर रोज संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडलेली. ती नातवाचं बोट धरून बाणेरच्या गेटबाहेर येते. फूटपाथ वीस पावलांवर विजेच्या पेटीपाशी संपतो. रस्त्यावर उतरावं तर काँक्रीटचा मिक्सर येतोय, त्याच्या मागे टँकर. पोरगं हात सोडवून पळायला बघतंय. दोन-तीनदा प्रयत्न करून ती नाद सोडते. मग भाजी मोबाइलवरून येते, तीही तुम्ही ऑफिसातून मागवलेली, आणि आजी पोडियमवरच्या बाकावर बसून राहते. महिनाभरात "आमच्या नाशिकला" सुरू होतं. तिसऱ्या महिन्यात ती परत जाते आणि तुम्ही पाळणाघर शोधायला लागता.

औंधात हीच बाई पहिल्याच आठवड्यात रुळते. मंडई चालत, गिरणी चालत, बँकेत पासबुक भरून आणायचं तर तेही चालत. वाटेत देऊळ आहे, ब्लाउज शिवणारा आहे, आणि फॅमिली डॉक्टर, जो पहिल्या तापाला लगेच सोनोग्राफी सांगत नाही. परिहार चौकाच्या आसपास स्मार्ट सिटीच्या कामात फूटपाथ चांगले रुंद केले. पार्किंग गेलं म्हणून दुकानदारांनी तेव्हा बोटं मोडली. आज त्याच फूटपाथवर दुचाक्या चढवलेल्या असतात, ते वेगळं. पण बाबागाडी जाते. पुण्यात बाबागाडी जाईल असा सलग फूटपाथ किती ठिकाणी आहे, आठवून बघा.

पुढे मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की हाच फरक दुसऱ्या वाटेने समोर येतो. कोथिंबीर आणायला त्याला एकट्याला पाठवता येतं का? क्लासला सायकलवर जाता येतं का? बाणेरच्या बहुतेक सोसायट्यांत उत्तर "नाही" असतं, आणि आईबाप संध्याकाळचे फुकटचे ड्रायव्हर होतात.

आता औंधवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. त्यांच्या बाजूची एक गोष्ट कुणी बोलत नाही: खाली खेळायला पोरंच नसतात. जुन्या इमारतींत निम्म्या घरांत निवृत्त जोडपी राहतात, मुलं कॅलिफोर्नियात. गणपतीत चित्रकला स्पर्धेला तीन स्पर्धक आणि तीन बक्षिसं. पार्किंगमध्ये चेंडू आपटला की वरून खिडकी उघडते. बाणेरच्या मोठ्या सोसायटीत याच्या नेमकं उलट. साडेपाच वाजता खाली तुमच्या मुलाच्या वयाची वीस पोरं हुंदडत असतात आणि सिक्युरिटी गेटवर असल्यामुळे तुम्ही वर शांतपणे चहा पिऊ शकता. एकुलत्या एका मुलाला ही चैन फार मोठी आहे. शिवाय शाळेची बस गेटपाशी येते. औंधात कित्येक ठिकाणी ती चौकात थांबते आणि पावसाळ्यात छत्री धरून उभं राहावं लागतं. लिफ्टचंही तसंच. चौथा मजला, लिफ्ट नाही आणि आजीचे गुडघे गेलेले, अशा घरात मघाचं सगळं गुणगान वाया.

पाण्याचं थोडक्यात, कारण त्यावर सगळेच बोलतात आणि चुकीचा प्रश्न विचारतात. "पाणी आहे का?" असं बाणेरमध्ये विचारलं तर "चोवीस तास" असंच उत्तर येणार, आणि ते खोटंही नसतं. नळाला पाणी असतंच. टाकीत ते कुठून येतं, हे विचारायचं असतं. नव्याने वाढलेल्या भागात महापालिकेचं पाणी पुरेसं येईपर्यंत ते पुरवण्याचं हमीपत्र बिल्डर देतो. पुढे सोसायटी ताब्यात आली की टँकरचा खर्च रहिवाशांच्या मेन्टेनन्समध्ये येऊन बसतो. म्हणून गेल्या मे महिन्याचा सोसायटीचा हिशेब मागा आणि टँकरची ओळ वाचा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

मग कुठे? मूल सहा वर्षांच्या आत असेल आणि सांभाळायला आजी-आजोबा येणार असतील तर औंध, डोळे झाकून. फरशा जुन्या असू देत. दोघंच असाल, मूल शाळेत जाणारं असेल आणि दिवसभराची बाई ठेवणार असाल तर बाणेर. पण जुन्या गावठाणाजवळ किंवा थेट बाणेर रस्त्याला लागून. पार टेकडीच्या पायथ्याला किंवा हायवेपलीकडे नको. टेकडीचं दृश्य सुंदर दिसतं, तुकाईच्या देवळापर्यंत सकाळचं चालणंही छान होतं, पण दूध खालीच मिळतं. तलाव आणि जिमच्या जोरावर निर्णय घेणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. सहा महिन्यांनी त्या जिममध्ये दोन ट्रेडमिल बंद असतात आणि तलावाला "देखभालीसाठी बंद"ची पाटी.

विकत घ्यायची घाई तर अजिबात करू नका. आधी अकरा महिन्यांचा करार करून राहा आणि त्यात एक उन्हाळा व एक पावसाळा येऊ द्या. औंधात भाड्याने घेताना मात्र एक चौकशी हमखास करा: सोसायटीचा पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का? जुन्या इमारती एकापाठोपाठ पाडायला निघाल्यात. मुलाला शाळा मिळाली, रिक्षावाले काका ठरले आणि तेवढ्यात घर खाली करायची नोटीस आली, असं होऊ शकतं. हे एजंटला विचारू नका, तो "छे छे, अजून दहा वर्षं काही नाही" म्हणेल. मालकही तेच म्हणेल. तळमजल्यावर राहणाऱ्या एखाद्या काकूंना विचारा. कोणत्या बिल्डरने किती जादा चौरस फूट देऊ केलेत, तेही त्या सांगतील.